तांबड्या रेघेपर्यंत

१

फाल्गुनातले मोजके दिवस असे असतात, की पाकुळकड्याच्या गुहेत मावळता सूर्य थेट आत शिरतो. एरवी तिथं भर दुपारीही बॅटरीशिवाय पाऊल टाकवत नाही. पण त्या दिवसांत समोरच्या डोंगराच्या खिंडीतून उन्हाचा एक पट्टा येतो, गुहेच्या दालनात पसरतो, दालनामागच्या अरुंद बोळात घुसतो आणि बोळाच्या शेवटच्या भिंतीवर जाऊन टेकतो. जांभ्याच्या त्या भिंतीत एक आडवी तांबडी रेघ आहे, कुणी गेरूनं ओढल्यासारखी. ऊन सरकत सरकत त्या रेघेवर आलं, की पाकुळ्या बाहेर पडतात.

पाकुळ्या म्हणजे वटवाघळं. राधानगरीच्या वरच्या अंगाच्या जंगलात, अभयारण्याच्या हद्दीत ही गुहा आहे आणि तिच्यात त्यांची मोठी वसाहत आहे. नेमिनाथ मगदूम दर वर्षी फाल्गुनात तिथं जात. कोल्हापूरच्या एका कॉलेजात त्यांनी उभी हयात प्राणिशास्त्र शिकवलं होतं, डॉक्टरेटही वटवाघळांवरच केली होती. निवृत्तीनंतर सगळं सुटलं, ही एक खेप सुटली नाही.

तिची रीत ठरलेली होती. राजारामपुरीतल्या घरातून जेवणवेळेला निघायचं. वनरक्षक आकाराम फाट्यावर जीप घेऊन उभा असायचा. दालनाच्या तोंडाशी एक सपाट दगड होता, त्यावर बसायचं. घर जैनांचं, सूर्य बुडाल्यावर तोंडात घास घालायचा नाही. त्यामुळे डबा आधी संपवायचा, पाणी प्यायचं, चूळ भरायची. मग गळ्यात ते छोटं यंत्र अडकवून त्याच्या नळ्या कानात घालायच्या. वटवाघळं उडताना सारखी ओरडत असतात, पण माणसाच्या कानाला ते ओरडणं पोचत नाही. यंत्र ते पोचवतं. मोकळ्या जागेत सावकाश टक, टक, टक असं ऐकू येतं. पुढ्यात काही आडवं आलं की टकटक एकात एक मिसळते आणि मांजरपाट टरकन फाडावा तसा आवाज होतो.

नेमिनाथांना ते यंत्र आवडे, कारण स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. तो त्यांचा जुना स्वभाव. कुलूप लावून जिना उतरायचे आणि पुन्हा चढून ते ओढून बघायचे. स्वतःच्याच प्रबंधातला एक निष्कर्ष चुकीचा असावा, असा लेख त्यांनी पुढे स्वतःच छापला होता, आणि तो लेखही चुकला की काय, या घोरात कित्येक महिने काढले होते. विद्यार्थी हसत. अरुणाबाई, म्हणजे त्यांची बायको, हसत नसत. त्या म्हणत, "अहो, एकदा तरी ठामपणे काही बोला. मीठ जास्त झालंय का कमी, एवढं तरी."

२

आदिती त्यांची उशिरा झालेली मुलगी. ती तिसरीत होती, त्या वर्षीची ही गोष्ट. वडील दर वर्षी कुठं जातात ते बघायचंच म्हणून तिनं हट्ट धरला, तेव्हा अरुणाबाईही निघाल्या. तिघं त्याच दगडावर बसून जेवली. आदितीचा अर्धा लाडू हातात तसाच राहिला होता.

"उजेड आहे तोवर संपव तो," अरुणाबाई म्हणाल्या.

"आलेच," ती म्हणाली, आणि पाकुळ्या कुठून निघतात ते बघायला बोळात गेली.

बोळ तो काय, मोठ्या माणसाच्या थोड्याशा ढांगा. शेवटच्या भिंतीशी उजवीकडे वळण, वळणापलीकडे एक ठेंगणी खोली, आणि त्या खोलीत पाकुळ्या. दुसरी वाट नाही. अरुणाबाईंचं तोंड बोळाकडे होतं. नेमिनाथांचंही. त्यांना पोरीच्या पाठीवरची वेणी वळणावर दिसेनाशी होताना दिसली. मग पाकुळ्या निघाल्या, धुरासारख्या डोक्यावरून गेल्या, विरळ झाल्या, संपल्या. आदिती आली नाही.

पोलीस आले, सारा गाव आला, दोर आणि दिवे घेऊन डोंगर चढणारी मंडळी आली. खोलीच्या भिंती ठोकून बघितल्या. खाली वर्षानुवर्षं साचलेला लेंड्यांचा थर उपसून काढला. बिबट्याचा माग सापडला नाही, कपड्याचा धागा सापडला नाही, लाडवाचा कणही नाही. लोक आधी धावले, मग थकले, मग कनवाळूपणानं बोलू लागले, आणि पुढे विषय निघाला की दुसऱ्याच कशाबद्दल बोलू लागले.

अरुणाबाई पुन्हा कधी कड्यावर गेल्या नाहीत. नेमिनाथ मात्र पुढच्याच फाल्गुनात गेले. का गेले, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घरी बसून ती संध्याकाळ काढणं त्यांना जमलं नाही, एवढंच.

३

त्या संध्याकाळी त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं.

पाकुळ्या निघाल्या की सगळा बोळ जमिनीपासून छतापर्यंत भरून जातो. बोटभर जागा उरत नाही. उन्हात त्यांचे पंख तांबूस दिसतात आणि मागची भिंत झाकून जाते. पण त्या वर्षी बोळाच्या टोकाला, भिंतीच्या लगत, एक जागा झाकली जात नव्हती. नदीच्या धारेत दगड असावा तशा पाकुळ्या तिथं दुभंगत आणि पुढे येऊन पुन्हा एक होत. मध्ये काहीही नव्हतं. नुसती मागची भिंत दिसत होती. ती मोकळी जागा मोठ्या माणसाच्या कमरेइतकी उंच, वर गोलसर, जराशी डावीकडे कललेली होती. तांबड्या रेघेच्या बरीच खाली. यंत्रात कापड फाटत होतं.

आदिती उभी राहिली की एका पायावर भार टाकून डावीकडे कलायची.

नेमिनाथ उठून धावले. ते बोळात शिरेपर्यंत पाकुळ्या संपल्या, आणि भिंतीशी कुणी नव्हतं. त्यांनी हात फिरवून पाहिला. दगड कोमट होता, ऊन पडून गेलेलं.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ती जागा पुन्हा दिसली, पण आता तिचा माथा तांबड्या रेघेला टेकत होता. त्याच्या पुढच्या वर्षी रेघेच्या वर गेला होता. तेव्हा त्यांच्यानं राहवलं नाही. अरुणाबाई स्वयंपाकघरात तूरडाळ निवडत बसल्या होत्या. नेमिनाथांनी दारात उभं राहूनच सगळं सांगितलं आणि शेवटी, सवयीनं, "माझी चूक होत असेल," असं म्हणाले.

अरुणाबाईंचा हात ताटात थांबला. त्या रडतील, ओरडतील, आपल्याला डॉक्टरकडे नेतील, असं त्यांना वाटलं होतं.

"केवढी झालीय?" अरुणाबाईंनी विचारलं.

त्यांनी हात आडवा धरून छातीशी दाखवला.

"कमरेपासून दोन वर्षांत एवढी?" त्या जरा विचारात पडल्या. मग खडा वेचून बाजूला टाकत म्हणाल्या, "असतं तसं. मुली त्या वयात एकदम वाढतात. मीही अशीच वाढले होते. आई म्हणायची, काल शिवलेला फ्रॉक आज गुडघ्यावर."

दुसऱ्या दिवशी त्या महाद्वार रोडला जाऊन कापड घेऊन आल्या. तेव्हापासून दर फाल्गुनात तेच. नेमिनाथांनी हातानं उंची दाखवायची आणि अरुणाबाईंनी त्या मापाचं शिवायचं. आधी फ्रॉक, मग परकर-पोलकं, मग सलवार-कमीज. कपाटाचा एक आख्खा खण भरला. त्यातलं काही कधी कुणाला दिलं नाही. त्या कपड्यांना घडीचाच तेवढा वास होता. पण अरुणाबाई पुन्हा जेवू लागल्या होत्या, शेजारी जाऊन बसू लागल्या होत्या, कधी कधी हसतही. नेमिनाथांनी ते पाहिलं आणि आपल्या शंका आपल्यापाशी ठेवल्या.

४

शंका पुष्कळ होत्या.

खोलीतल्या गार हवेचा झोत एका जागी बाहेर येत असेल, आणि पाकुळ्या तो टाळत असतील. म्हणून एका वर्षी त्यांनी बोळात टाल्कम पावडर उडवून पाहिली. ती सरळ खाली बसली. कोळ्याचं जाळं असेल. म्हणून बोळ झाडून घेतला. छतातून एखादं मूळ लोंबत असेल, भिंतीला साप असेल, एखाद्या खनिजावरून आवाज वेडावाकडा उलटत असेल. एकेक करून त्यांनी सगळं तपासलं, आणि प्रत्येक वेळी तपासणीतच खोट असावी असं त्यांना वाटलं.

आकारामलाही ती जागा दिसे. त्याला त्यात विशेष वाटत नसे.

"तितं खांब असल्यागत वळसा घालत्यात बघा," तो तंबाखू मळत म्हणायचा. "आसंल कायतरी. आमची म्हस न्हाय का, गोठ्याच्या एकाच कोपऱ्यात बसत न्हाय. बसत न्हाय म्हंजी न्हाय."

"पण आकाराम, ती जागा दर वर्षी मोठी होते."

"मग खांब वाढत आसंल," आकाराम म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्यांदा हसला. मग सरांचा चेहरा पाहून हसू आवरलं आणि जीपकडे निघून गेला. आदितीला शोधताना लेंड्यांचा थर उपसणाऱ्यांत तोही होता.

एका वर्षी नेमिनाथ स्वतः बोळात जाऊन उभे राहिले. आकारामला त्यांनी आपल्या दगडावर बसवलं आणि नीट बघायला सांगितलं. पाकुळ्या आल्या. कानाला, खांद्याला, पोटऱ्यांना वारा घालत गेल्या, पण एकीनंही त्यांना स्पर्श केला नाही. नेमिनाथांनी दालनाकडे तोंड करून डोळे मिटले होते. त्यांनी हळूच एक हात मागे नेला, गर्दीत लहान मुलाला धरायला नेतात तसा. कुणी धरला नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "किती जागा सोडत होत्या माझ्याभोवती?"

"दोन माणसं मावत्याल एवढी," आकाराम म्हणाला. "तुमी हितं आन तुमच्या म्होरं आनी एक मानूस, एवढी. म्या म्हटलं, ह्यास्नी बी सरांचा लई आदर हाय."

म्होरं. समोर. नेमिनाथांना तो शब्द घरी पोचेपर्यंत सलत राहिला. मुलगी मागे, भिंतीशी उभी असते, हे त्यांचं गृहीत होतं. पण आकाराम काही मोजपट्टी घेऊन बसला नव्हता. अंतराचा अंदाज बसल्या जागेवरून चुकतोच. त्यांनी ते सोडून दिलं.

५

यंदा जाळी आली.

नेमिनाथांनीच ती मागितली होती, पुष्कळ वर्षांपूर्वी. गुहेत पोरं येत, मोबाइलवर नाचाचे व्हिडिओ काढत, फटाके लावत. एकदा कुणी बोळात टायर पेटवला होता. त्यानंतर पिल्लांचा जो खच पडला तो त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. आडव्या गजांची जाळी बोळाच्या तोंडाला बसवायची, गजांमधून पाकुळ्या जातील, माणूस जाणार नाही. तेव्हा कुणी ऐकलं नाही. आणि आता, ते मागणं त्यांनी स्वतःही सोडून दिल्यावर, मंजुरी आली होती.

आकारामचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता आणि अरुणाबाई भाकरी थापत होत्या.

"सर, जाळी आलीया. गवतात ठिवलीया. शिवकुमार वेल्डर बी सांगून ठेवलाय. सायेब म्हनत्यात, मगदूम सरांनी जागा बघून व्हय म्हटलं की लगीच जोडून टाका. न्हाय म्हटलं तर ऱ्हायलं. समदं तुमच्यावर हाय."

फोन ठेवल्यावर बराच वेळ तव्यावरची भाकरी उलटली गेली नाही. जळका वास सुटला.

"जाळी लावली तर ती बाहेर कशी येणार?" अरुणाबाई म्हणाल्या.

"अरुणा, ती..." नेमिनाथांना वाक्य पूर्ण करता येईना. ती नाहीच, असं म्हणायचं होतं की ती येतच नाही, असं, हे त्यांनाही कळत नव्हतं. "पाकुळ्या मरतील गं. एकदा कुणी धूर केला की संपलं."

"मरू देत, असं नाही म्हणत मी. मीही पाणी गाळून पिते." भाकरी त्यांनी उतरवून बाजूला ठेवली. "पण आधी माझी मुलगी. यंदा मीही येते. मागच्या वर्षी केवढी म्हणाला होतात?"

नेमिनाथांनी उंची दाखवली. हात त्यांच्या स्वतःच्या डोक्याशी गेला.

"बापावर गेली," अरुणाबाई म्हणाल्या, आणि ओल्या हातानं डोळे पुसत कपाटाकडे गेल्या. यंदा त्यांनी शिवायला काही घेतलं नव्हतं. काठाची इरकल साडी आणली होती.

६

वाटेत आकारामनं जीप सावकाश चालवली. "वैनी, तुमी आलासा, लई बरं झालं," तो म्हणाला, आणि मग कारखान्याच्या उसाबद्दल बोलत राहिला.

गवतात जाळीची चौकट पडली होती, नव्या रंगाचा वास येत होता. आकाराम तिथंच थांबला. नेमिनाथ आणि अरुणाबाई दगडावर बसले. अरुणाबाईंनी डबा उघडून तीन वाटे केले. दोघांनी आपापले खाल्ले. तिसऱ्याकडे दोघांनी बघितलं नाही. ऊन दालनातून बोळात शिरलं.

"इथंच बसली होती," अरुणाबाई म्हणाल्या.

"हो."

"मी तिला रागानं नव्हते बोलले ना?"

"नाही. नेहमीसारखंच बोललीस."

"भीती वाटते हो. ओळखेल का मला? केस सगळे पांढरे झाले."

नेमिनाथांनी यंत्राच्या नळ्या कानात घातल्या. बोलायचं टाळण्याचा तो त्यांचा जुना उपाय होता. ऊन भिंतीवर चढलं, तांबड्या रेघेला टेकलं. आधी एक टक. मग दोन. मग वळणावरून पाकुळ्यांचा लोंढा आला आणि बोळ भरला.

यंदा ती जागा शोधावी लागली नाही. बोळाच्या अगदी तोंडाशी, जिथं जाळी बसायची होती तिथंच ती उभी होती. तिचा माथा छताजवळ होता. पाकुळ्या तिच्या दोन्ही बाजूंनी आणि वरच्या चिंचोळ्या फटीतून जीव मुठीत धरून गेल्यासारख्या बाहेर पडत होत्या. कानात कापड फाटतच राहिलं, थांबेना.

"ती?" अरुणाबाई पुटपुटल्या. त्यांना दिसत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते नेमिनाथांनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतली अरुणा क्षणभर तिथं बसली होती. त्या उठल्या. इरकल छातीशी धरून बोळाकडे चालू लागल्या.

"आदू," त्या म्हणाल्या. "अगं, केवढी झालीस. जय जिनेंद्र म्हणायचं नाही का आईला?"

नेमिनाथही उठायला हवे होते. पण बघण्याची सवय मोडत नाही. ते आपल्या दगडावरून, वर्षानुवर्षं जिथून बघत आले त्याच जागेवरून, बघत राहिले.

ती मोकळी जागा वाकली.

"बघा," अरुणाबाई मागे न वळता म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला, "बघा हो, पाया पडायला वाकली."

तिचा माथा खाली आला तशी वर जागा झाली, पाकुळ्यांचा लोंढा क्षणभर विस्कटला, आणि त्या विस्कटलेल्या फटीतून नेमिनाथांना बोळाचं टोक दिसलं. तिथं, मागच्या भिंतीच्या लगत, तांबड्या रेघेच्या बरीच खाली, आणखी एक जागा होती. लहान. कमरेइतकी. जराशी डावीकडे कललेली. पहिल्या वर्षी होती तेवढीच.

ती मुळीच वाढली नव्हती.

मग पुढचं हे वाढलं नव्हतं. हे जवळ येत होतं. भिंतीवरच्या एका रेघेशी उंची लावून बघणारा, लांबचं लहान दिसतं आणि जवळचं मोठं, एवढंही ध्यानात न घेणारा हा कसला अभ्यासक! सगळी वर्षं हे पोरीच्या पुढ्यात उभं होतं, आणि आपण घरी जाऊन हातानं उंची दाखवत होतो.

आणि ते पायांकडे वाकलं नव्हतं. त्याचा माथा अरुणाबाईंच्या चेहऱ्यासमोर येऊन थांबला होता. अगदी समोर. पाकुळ्या आता अरुणाबाईंच्या कानांजवळूनही वळसा घेत होत्या.

७

नेमिनाथांनी अरुणाबाईंना कसं ओढलं ते त्यांना आठवत नाही. दंड धरून दालनाच्या तोंडापर्यंत आणलं. पायाखाली इरकल आली, तीही ओढली गेली. यंत्र गळ्यातून निसटून दगडावर आपटलं आणि बंद पडलं. पाकुळ्या विरळ झाल्या होत्या. बोळाच्या तोंडाशी आता काही दिसत नव्हतं. कुणी असलं तरी ते दाखवायला पाकुळ्याच उरल्या नव्हत्या.

"सोडा! सोडा मला!" अरुणाबाई हिसका देत होत्या. "काय झालंय तुम्हाला? ती आली होती! तोंडापर्यंत आली होती!"

आरडाओरडा ऐकून आकाराम धावत आला. दोघांना असं झोंबताना पाहून तो बिचकला, काही तरी बोलायचं म्हणून हातातली टोपी फिरवत म्हणाला, "सर, काय करायचं मग? शिवकुमारला फोन करू का नको? सकाळी येतो म्हनलाय."

"नको!" अरुणाबाई म्हणाल्या. "भाऊ, नको. ते दार उघडंच राहू दे. मी उद्या पुन्हा येणार आहे. रोज येणार आहे."

त्या येणार होत्याच. नेमिनाथांना ते लख्ख कळलं. उद्या येतील, परवा येतील, ऊन शिरायचं थांबलं तरी येतील, आणि एके दिवशी त्या बोळात पाऊल टाकतील. त्यांना अडवायचं तर खरं सांगायला हवं. आणि खरं सांगितलं, मागे भिंतीशी एक तिसरीतली पोर अजून उभी आहे आणि तिच्यापुढे दुसरंच काही उभं आहे, असं सांगितलं, तर ही आई आत्ता, या क्षणी, आत धावेल. कुठलीही जाळी तिला थांबवणार नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या गोष्टीची पुरती खात्री होती.

"जाळी लावा, आकाराम," ते म्हणाले.

"अहो!"

"आत कुणी नाही, अरुणा." त्यांचा आवाज वर्गात शिकवताना असायचा तसा सपाट होता. "हवेचा झोत आहे तो. खोलीतली गार हवा बाहेर येते, पाकुळ्या ती टाळतात. ऊन उतरलं की झोत पडतो, म्हणून ते वाकल्यासारखं दिसलं. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुला बरं वाटत होतं, म्हणून मी बोलत राहिलो."

अरुणाबाईंनी हिसके द्यायचं थांबवलं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. शंका शोधत होत्या त्या, नेहमीची, ओळखीची, चेहऱ्यावरून कधीही न हटणारी शंका. ती त्यांना सापडली नाही.

"एवढी सगळी वर्षं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हातानं उंची दाखवत होतात ती?"

"मनानं ठरवून दाखवत होतो."

"आणि माझी आदू?"

नेमिनाथांना पाठीमागे बोळ आहे हे कळत होतं. तिकडे न बघता त्यांनी सांगितलं, नीट, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून, बायकोच्या मनात तिळभर आशा उरू नये म्हणून. "आदिती त्याच दिवशी गेली. आत नाही ती. आपल्याला बोलवायला आता कुणी उरलेलं नाही, आणि आपण इथं पुन्हा यायचं नाही."

अरुणाबाईंनी खाली वाकून साडी उचलली, तिच्यावरची माती झटकली आणि एकट्याच जीपकडे उतरू लागल्या. आकारामनं हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही. त्या पाठमोऱ्या इतक्या म्हाताऱ्या कधी दिसल्या नव्हत्या.

नेमिनाथ तिथंच उभे राहिले. खिंडीतलं ऊन विझलं होतं. मागे दालन होतं, दालनामागे बोळ, बोळाच्या टोकाला भिंत. आतून कसलाच आवाज आला नाही. रडण्याचा नाही, हाकेचा नाही. त्यांनी बायकोला जे सांगितलं, ते तेवढ्याच मोठ्यानं तिकडेही गेलं असणार. गुहेत आवाज फार चांगला पोचतो.